लाइन क्लिअर

बामणोदच्या शेतात भरिताची वांगी
पऱ्हाट्यांच्या जाळावर तडतडत होती,
आणि ह्यांनी बाराच्या ठोक्याला, घरून निघतानाच,
गोळी गिळून टाकलेली.
छत्तीस वर्षं भुसावळला केबिनमध्ये काढली.
वेळ म्हणजे वेळ.
भाकरीचं पीठ अजून परातीत कोरडंच होतं.

अडीचला मला म्हणाले, "तू कोणाची गं?"
मग चिडले. चपलेवरून.
पौषातली थंडी, आणि सदरा पाठीला चिकटलेला.
कोणीतरी हसलं, "सुपडूभाऊ, आज दुपारीच का?"
मीही हसले.
ते हसू अजून घशात आहे, बोराच्या बीसारखं.

द्वारकाबाईची सून, ती आशाताई आहे,
तिने हात धरला, थरथर पाहिली.
"गोळी घेतली? आणि जेवले नाहीत?"
चहाच्या डब्यातली साखर, चार चमचे, पाण्यात.
"गिळता येतंय ना बाबा? मग प्या."
पंधरा मिनिटं थांबायचं, म्हणाली.
जन्मभर मी मालगाड्यांचे डबे मोजलेत दारातून,
इतकी लांब गाडी पाहिली नव्हती.

मग हे म्हणाले,
"वांगी उलटा की, जळतील."

डॉक्टरांनी गोळी अर्धी केली.
सांगितलं, ह्या वयात शंभराचा हट्ट नको,
दीडशेला घाबरू नका,
सत्तरच्या खाली जाण्याला घाबरा.
हे रुसले. नव्वदचा आकडा
शेजारी दाखवत फिरायचे,
नातवाच्या मार्कांसारखा.

एकोणीस वर्षं मी ह्या घरात साखर लपवली.
गव्हाच्या कोठीत, शिलाई मशीनच्या पोटात,
एकदा देवांच्या मागे; तिथूनही शोधली ह्यांनी.
आता मीच सदऱ्याच्या खिशात पुडी ठेवते.
उशाशी पुडी. सायकलच्या पिशवीत पुडी.
मुंग्या झाल्यात घरभर.
होऊ देत.

ताट येतं. कळण्याची भाकरी, वरणाची वाटी.
मी गोळी मुठीत घेऊन उभी.
हे आधी घास मोडतात,
झेंडी दाखवावी तसा हात हलवतात,
"लाइन क्लिअर."
तेव्हा मूठ उघडते.

रात्री दोनला जाग येतेच.
कपाळाला हात लावून बघते.
कोरडं आहे.
तिकडे यार्डात शंटिंग चाललंय.