धर्मकाटा

सावद्याच्या अलीकडे, जिनिंगला लागून
आमचा धर्मकाटा.
केळीच्या गाड्या आधी रिकाम्या चढतात, मग भरून.
भरलेल्यातून रिकामी वजा केली
की उरतो तो माल.
सतरा वर्षं एवढंच गणित करतोय मी,
लीलाधर धनजी नेहेते, रात्रपाळी.

माझं रिकामं वजन कुठेच लिहून ठेवलेलं नाही.
लग्नातल्या सफारीचं माप होतं शिंप्याकडे.
तो वारला,
वही पोरांनी रद्दीत घातली.

समोर रुबाब तडवीची हातगाडी.
आधी अंडाभुर्जी, मग शेवभाजी,
आता पिवळ्या बोर्डावर लाल अक्षरं :
बर्गर, मंचुरियन, चीज फ्राईज.
तव्यावर पाव उलटला की वास
इकडे-तिकडे न बघता रस्ता ओलांडतो.
नऊला एक.
साडेअकराला अजून एक, कारण ड्रायव्हर म्हणतो,
'शेठ, एकटा कसा खाऊ?'
दोनला गार काळी बाटली, झोप येऊ नये म्हणून.
चारला काही नाही.
चारला फक्त उरलेल्या फ्राईज.

कुमुदिनीचा डबा टेबलाखाली तसाच.
कळण्याची भाकरी, भरीत, कांद्याची पात,
घट्ट झाकणाआड घामेजलेली.
सकाळी भाकरी कुत्र्याला घालतो, भरीत तो खात नाही,
ते नाल्यात.
मग डबा विसळतो
आणि घरी सांगतो, झकास झालं होतं.

फैजपूरचे डॉक्टर म्हणाले, तोंडावर ताबा ठेवा.
म्हटलं, साहेब, रात्रपाळी आहे.
म्हणाले, रात्रपाळी घास भरवते का?
घरी पोचेपर्यंत मी उत्तरं जमवली :
मालकाने पाळी बदलली नाही.
रुबाबने तेल बदललं नाही.
कंपनीवाल्याने सॉसच्या पुड्या फुकट वाटल्या.
लहानपणी आईने ताट पुसून खायला लावलं.
सगळी खरी होती.
एकाही उत्तरात माझा हात नव्हता.

काट्यावर रोज हेच भांडण.
गाडी जास्त भरली की ड्रायव्हर म्हणतो, मजुरांनी भरली.
मजूर म्हणतात, व्यापाऱ्याने सांगितलं.
व्यापारी फोन उचलत नाही.
मी म्हणतो, 'भाऊ, टायर तुह्ये,
दंड तुलेच भरा लागीन.'
खिडकीच्या आत बसून
किती शहाणा असतो मी.

परवा पावणेतीनला रस्ता मोकळा होता.
चपला काढून काट्यावर चढलो,
पन्नास टनांच्या पत्र्याच्या मधोमध
उभा राहिलो.
मग आकडा बघायला धापा टाकत आत गेलो
तर शून्य.
शेवटी रुबाबला हाक मारली, 'आत जाऊन वाच रे.'
तो तेलकट हात पुसत वाचायला गेला.
'एकशे दहा, दादा.'
मशीन दहादहाने मोजतं.
एकशे सहा असेल, एकशे चौदाही असेल.
'कमीचं धर,' रुबाब म्हणाला,
सुट्टे परत द्यावेत तसं.

विचारलं, तुझं किती?
'माहीत नाही. मी हे खात नाही ना,
घरून चटणी-भाकर आणतो.'
बोलताना त्याला वाईटही वाटलं नाही,
वाटायला कशाला हवं?

पावती काढायची म्हणून पुन्हा त्याला उभं केलं असतं
तर त्याचं वजन आलं असतं.
म्हणून एकशे दहा हातानेच टाकलं.
गाडी क्रमांक : सोडला.
माल : सवयीने केळी.
मालक :
इथे बोट अडलं.
मालकाचं नाव टाकल्याशिवाय
आमचं मशीन पावती देत नाही.
दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा लागलं.

त्या रात्री डबा उघडला, अर्धी भाकरी खाल्ली.
चारला फ्राईजही खाल्ल्या,
तेही लिहायला हवं.

सकाळी डबा घासायला घेताना
कुमुदिनीच्या हाती पावती लागली.
चष्मा कपाळावरून खाली ओढत म्हणाली,
'एकशे दहा किलो केळी?
आपण कधी घेतली हो?'