बद्द

उद्यमबागेतल्या फौंड्रीत माझं काम ऐकण्याचं.
साच्यातून निघालेला नग हातोडीने टिचकायचा;
खणखणला तर पुढे,
बद्द बोलला तर मागे, परत भट्टीत.
बावीस वर्षं. भेग डोळ्याला दिसायच्या आधी
कान सांगतो.

श्रावणानंतर कधीतरी
सगळेच नग बद्द बोलायला लागले.
एका पाळीत मी एकशेचाळीस परत पाठवले.
लुमाण्णा सुपरवायझरने त्यातले दहा उचलले,
स्वतः ठोकून बघितले.
दहाही खणखणीत.
तो रागावला नाही. तेच जड गेलं.
म्हणाला, "शट्टुप्पा, कान दाखवून ये गा."

दाखवले. कान चांगले होते.
डॉक्टरांनी टॉर्च बंद केला, विचारलं,
झोप लागते?
मी म्हटलं, लागते.
भागा शेजारी होती. माझ्याकडे न बघता,
भिंतीवरच्या कानाच्या चित्राला सांगितल्यासारखं म्हणाली,
"रात्री तीनला उठून हे तपेली ठोकत बसतात."

त्यांनी चिठ्ठीवर दुसरं नाव लिहून दिलं.
मनाच्या डॉक्टर. गुरुवारी, साडेअकरा.
चिठ्ठी तीन गुरुवार डब्याच्या पिशवीत राहिली,
लोणच्याचं तेल पिऊन आरपार दिसायला लागली.
दिवाळी जाऊ दे, म्हणायचो.
वडगावातल्या कुणी बघितलं तर, म्हणायचो.
एवढं काय झालंय, जेवतोय की.
जेवत नव्हतो.
फौंड्रीमागचं कुत्रं त्या महिन्यात चांगलं भरलं.

बुधवारी रात्री भागाने कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून
माझ्यापुढं ठेवलं.
"लिहा. तिथं गेल्यावर तुम्ही 'बरं आहे' म्हणणार."
कधीपासून?
श्रावण, मी म्हटलं. ती म्हणाली, नाही,
मिरगाला किणयेला बहिणीकडे गेलो
तेव्हाच तुम्ही हसायचे थांबला होता.
बीपीच्या गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाकलं.
तंबाखू दिवसाला किती पुड्या? दोन.
तिने चार लिहिलं.
विचारायचं ते वेगळं: गोळीने गुंगी येईल काय,
मला भट्टीजवळ उभं राहायचं असतं.
जन्मभर घ्यायची काय.

कस्तुरी दहावीचं पुस्तक मिटून म्हणाली,
बाबा, डॉक्टर कन्नडच बोलल्या तर?
मला कन्नड येतं. बाजाराचं, बसचं, लोखंडाचं.
रडावंसं वाटतं आणि रडू येत नाही,
याचं येत नाही.
ती बराच वेळ पेन चावत बसली.

पान भरलं. घडी घालत होतो.
भागाने हात धरला. "आणि गेट?"

तिसऱ्या गेटवर, त्या सोमवारी,
गाडी गेली, फाटक वर गेलं,
हॉर्न, रिक्षा, शाळेची पोरं, सगळे पार झाले
आणि मी सायकल धरून तिथंच,
रुळांकडे बघत.
ती मागून भाजी घेऊन आली म्हणून.

ते लिहायचं नव्हतं.
तिने घडी उलगडली. खाली जागा उरली नव्हती.
मग सगळ्यात वर, काठाला चिकटून,
तिच्या वाकड्या अक्षरात:
हे आधी सांगायचं.

गुरुवारी बाकावर सहाजण.
त्यात लुमाण्णाचा मेहुणा.
त्याने ओळख दिली नाही, मीही नाही.
थोड्या वेळाने तो सरकला, जागा केली.

डॉक्टर बाई विजापूरकडच्या, मराठी अडखळत.
वाटलं, आता हातोडी काढतील.
पान पुढं केलं तर घेतलं नाही.
"तुम्ही वाचा."
वरची ओळ वाचली.
आवाज बद्द निघाला.
त्यांनी परत पाठवला नाही.
जरा थांबून विचारलं, "बेजार?"

त्यांनी कन्नडमधून विचारलं की मराठीतून
कळलं नाही. शब्द दोन्हीकडचा.
मी म्हटलं, होय.
खूप वेळ तेवढंच म्हणत राहिलो.

मग भागा म्हणाली,
"तंबाखू चार."