भोकाचा पैसा

मिलच्या भोंग्याला तेव्हा झोप नव्हती.
तीन पाळ्या, तिन्ही खाकी.
रंगखात्यातून हिलालदादा घरी यायचा
तेव्हा कोपरापर्यंत त्याचे हात
वाळल्या शेवाळासारखे.
राखेनं घासायचा, विटकरीनं घासायचा,
भाकरी मोडताना माय तरी म्हणायचीच,
"बोरीनं पानी बी आते पलटनमा भरती व्हयनं."

कोसच्या कोस कापड निघायचं अमळनेरातून
आणि मायच्या लुगड्याच्या ठिगळाला
कंट्रोलच्या दुकानात टीचभर मिळायचं नाही.
रॉकेल कार्डावर. चिल्लर गायब.
वाणी सुट्ट्यांऐवजी दोन सुपाऱ्या द्यायचा, नाहीतर काडेपेटी.
मग नवा पैसा आला, मधोमध भोक पडलेला.
"मधलं तांबं गोळ्यांना लागतं," वाणी म्हणाला,
त्याला काय ठाऊक असणार, पण आम्ही मानलं.
माय ते पैसे सुतळीत ओवून
कणगीमागच्या खुंटीला टांगायची.

उखर्डूभाऊ त्या पैशाआधीच गेला होता.
त्याच्याआधीची तिघं जगली नाहीत
म्हणून जन्मल्या जन्मल्या त्याला
उकिरड्यावर ठेवून उचलला होता,
मरणानं कचरा समजून पुढं जावं म्हणून.
धुळ्याला भरतीच्या साहेबानं छाती मोजली,
नाव विचारलं,
आणि हसत दोनदा लिहून घेतलं.

चौथी पास मी. घरात वाचणारी एकटीच.
पत्र माझ्या हाती यायच्या आधी
कुठला तरी कात्रीवाला ते वाचायचा.
'आम्ही आता', पुढे भोक.
'इथून', पुन्हा भोक, 'दोन कोसांवर.'
'खाणं बरं आहे. काळजी नसावी.'
काळजी कधीच कापलेली नसायची.

"आंडोर मना कोठे शे?" माय विचारायची.
मी कागद उजेडात धरायची.
भोकातून चूल दिसायची, तिची पाटली दिसायची.
मग मी त्यात गाव टाकायची.
पहिल्या पत्रात एरंडोल,
दुसऱ्यात बेटावद,
तिसऱ्यात पारोळा, आत्याचं गाव, लांब नको म्हणून.
माय खुळी नव्हती.
एरंडोलला कुणी बोटीनं जात नाही
हे तिला माझ्याहून जास्त कळत होतं.
पण तिनं एकदाही म्हटलं नाही, नीट वाच.

बेचाळीसच्या सप्टेंबरात नंदुरबारला
झेंडा धरलेल्या पोरांवर गोळी चालली.
त्याच आठवड्यात टपालानं भाऊचा फोटो आला,
टोपी, पट्टा, बंदूक.
हिलालदादानं तो भिंतीकडे तोंड करून ठेवला.
दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी मायनं सुलटा केला
आणि पदरानं काच पुसली.
कुणी काही बोललं नाही.
दादा हात घासत बसला होता, कितीतरी वेळ.

शेहेचाळीसात सुरतेकडच्या गाडीनं तो उतरला,
डोक्यावर पत्र्याची पेटी, एक कान बहिरा.
दादानं पहिलं काय विचारावं?
"आपल्या मिलचं कापड होतं का रे अंगावर?"
"कुणास ठाऊक," भाऊ म्हणाला.
"एक सदरा मी कोंबडीच्या बदल्यात दिला.
म्हातारी होती. मक्याचा पिवळा घाटा ढवळत होती.
तिचाही पोरगा कुठंतरी होता."

मायनं ताट वाढलं. भरीत, कळण्याची भाकरी.
बाजूला बसली, आणि सहज,
जसं कुणी लग्नाहून परतलेल्याला विचारतं,
"एरंडोलले पानी पडस का रे?"

माझा घास घशातच.
भाऊनं मायकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
बराच वेळ माझ्याकडेच.
"पडस माय," तो म्हणाला. "भलतं पडस."

पुढं कितीतरी वर्षांनी, आषाढात,
बोरी दोन्ही थड्यांना लागली होती,
आम्ही पुलावर उभे होतो,
तेव्हा न विचारता त्यानं एक नाव सांगितलं:
सँग्रो. नदी होती. अशीच फुगलेली.
रात्री उतरलो तेव्हा किती होतो
आणि पलीकडे किती,
हे त्यानं बोटांवर मोजायला घेतलं
आणि मूठ मिटली.

तिसऱ्या पत्रातलं भोक
त्या नदीचं होतं.
मी तिथं पारोळा टाकला होता.