चार दिवसांआड

एप्रिल संपत आलाय. अकरा वाजताच बेचाळीस.
दाजी पेठेतल्या शाळेच्या पत्र्याखाली
बाराजण सतरंजीवर बसलेत,
सोमवारपासून शिबिराचे ताई-दादा होणारे.
पंखा फिरतोय, वारा स्वतःकडेच ठेवतोय.

श्रीलतानं वहीला कव्हर घातलंय.
रेवणसिद्धच्या गळ्यात शिट्टी, नवी कोरी.
ती काढून ठेव, म्हणाले.
शिट्टीनं मुलं थांबतात, जवळ येत नाहीत.

फळ्यावर एकच शब्द लिहिला: मोजा.
आल्यावर मोजा, पाणी पिऊन आल्यावर मोजा,
लंगडी संपली की मोजा, सावली सरकली की मोजा.
बोट दाखवून नको, ती काय मेंढरं नाहीत;
नाव घेत मोजा, डोक्यावरून हात फिरवत.
"आणि टीचर, गाणी कधी शिकवणार?"
गाणी तुम्हाला येतात.

दुपारी नाटक केलं.
सगळ्यांनी मुलं व्हायचं, एकानं दादा.
भांडणारं मूल व्हायला सात हात वर,
रडणारं व्हायला कुणीच नाही.
मग मुदस्सर उठला, सहा फुटी, पहाटे पेपर टाकणारा,
कोपऱ्यात जाऊन गुडघ्यांत तोंड घालून बसला.
रेवणसिद्ध उभ्यानंच: "काय झालं? कोण मारलं? सांग की!"
मुदस्सर आणखी लहान झाला.
नागमणी गेली. काही न बोलता शेजारी टेकली,
फरशीवरच्या मुंग्या बघत राहिली.
बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "ही एक लंगडतीय."
नाटकच होतं.
तरी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

चहाच्या वेळी मी त्यांना श्रीहरी सांगितला.
सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी एकतीस मुलं, बारा वाजता तीस.
संडास बघितले, टाकीच्या मागं बघितलं,
विहिरीवरची जाळी हलवून बघितली.
हाका मारताना माझा आवाज मलाच ओळखू येईना.
डांबर मऊ झालं होतं, चप्पल सोडत नव्हतं.
सापडला तो घरी.
नऊ वर्षांचा, हातात पाइप, पुढ्यात सहा घागरी.
आई विड्या द्यायला कारखान्यात, वडील मागावर.
मला बघून दचकलासुद्धा नाही.
"टीचर, आज आमच्यात पाणी आलंय."

चार दिवसांआड येतं ते. शिबिर तर रोजचंच.
रागवायला तोंड उघडलं होतं मी.
मिटलं. सातवी घागर पुढं केली.

म्हणून आपल्या नोंदवहीत
नाव, वय, पत्ता, काय खाल्लं की अंगावर उठतं,
ह्यापुढं एक रकाना मी पट्टीनं आखलाय: पाणी कधी.
त्या दिवशी त्या मुलाला कुणीतरी घरी सोडायचं,
आणि परत आणायचं.
येताना ते भिजलेलं असेल.
त्याच्यावर विनोद करायचा नाही.

कुणी काही लिहून घेतलं नाही.
श्रीलताची वही उघडी होती, पेन टोपणात.
गाड्यावरनं आणलेल्या चहाला साय धरली.

सतरंजी गुंडाळायच्या आधी मी सहज म्हणाले,
चला, मोजा बघू आता एकमेकांना.
रेवणसिद्धनं सुरुवात केली, नावं घेत,
मुदस्सरच्या डोक्याला हात पुरेना म्हणून खांद्यावर ठेवत.
अकरा.
पुन्हा मोजले. अकराच.
नागमणी कधी उठून गेली, दाराशी बसलेल्यांनाही कळलं नव्हतं.

फळ्यावर, माझ्या शब्दाखाली,
बारीक, तिरक्या अक्षरात:
आलंय. भरून येते.

मी मागं वळले तर
रेवणसिद्ध उंबऱ्यात चपला शोधत होता.
शिट्टी खिडकीतच होती, सकाळपासून,
ऊन खाऊन तापलेली.