लैन

बर्डीच्या क्लासमधे निनावे मॅडमनं
फळ्यावर एकच शब्द लिहिला: लाइन.
तोंड मोठं उघडा म्हणाल्या, मग हळूच मिटा.
ला. इ. न.
माझ्या तोंडून निघालं लैन.
मागचा पोरगा खिदळला.

अर्थ विचारले तर कुणी म्हणालं रेघ, कुणी रांग,
कुणी, मुलींवर मारतात ते.
मी म्हणाले, गेली की अंधार होते ते.
मॅडम थांबल्या. "त्याला लाइट म्हणतात, बाळा."

पारडीत नाही म्हणत.
मे महिन्यात कूलर थांबला की
गच्चीगच्चीवरून एकच ओरड, लैन गेलीऽ
आणि बाबा ताटावरून उठत,
हात धुवायलाही न थांबता, खांद्यावर दोर.
सिव्हिल लाइन्समधे शब्दाला एक स जास्त लागते,
अन् तिथली सहसा जात नाही.

आता बाबा घरीच असतात.
उजव्या तळहातावर रेघ म्हणून नाही,
एका फॉल्टनं सगळ्या पुसून नेल्या.
"काय शिकवलं आज?"
मी म्हणून दाखवलं. लाइन.
त्यांनी दोनदा घोळवलं, मान हलवली.
"बारीक आहे तार. मोहल्ल्याचा लोड नाही घेणार."

नऊ वाजता पंखा थांबला.
"डीओ उडला असंल," बाबा अंधारात म्हणाले
आणि उठले नाहीत.
मी आपली घोकत बसले,
ला, इ,
न यायच्या आत सगळी गल्ली ओरडली,
आलीऽऽ