चार जीबीत मावेल ते

बँकेने टाकून दिलेले बावीस लॅपटॉप,
नारिनच्या वरच्या खोऱ्यातली एक शाळा,
आणि चार जीबीचा पेनड्राइव्ह,
ज्याचं टोपण तोक्तोसुन आगायच्या कुत्र्याने चावलेलं.
लिनक्स, आणि लिनक्ससोबत जे काही द्यायचं
ते एवढ्यात बसवायचं होतं.

नेट आठवड्यातून एकदा,
तेही पोस्टाच्या पायऱ्यांवर जागा मिळाली तर.
म्हणजे आधीपासून आत असेल तेच असणार.
"लागेल तसं उतरवून घेतील"
हे वाक्य बिश्केकमध्ये बोलायला ठीक होतं.

वीज नऊला जाते, म्हणून पाचलाच बसलो
शेगडीजवळ, यादी पेन्सिलने.
उन्हाळ्यात कुरणावर निघताना माझी आई अशीच बसायची.
घोडे दोन, सामान चार घोड्यांचं.
आधी कढई, मग नमदा, मग मीठ.
आरसा दर वर्षी मागे राहायचा
आणि दर वर्षी पहिल्या चढावर तिला आठवायचा.

पहिलं नाव बिनविरोध: किर्गिझ कळफलक.
शेपटीवाला न, पोटातून रेघ गेलेला ओ.
ही अक्षरं नसली की मुलं
स्वतःचं नावसुद्धा उसन्या अक्षरांत लिहितात.
त्यामागे शुद्धलेखन तपासणारा. दोन एमबी, बोराएवढा.
ऑफिस घेतलं. वॉलपेपर चाळीस होते,
सगळे दुसऱ्यांचे समुद्र. काढले.
व्हिडिओ जोडायचं काहीतरी हवं, नुरझात एजेके म्हणाल्या,
पोरं लग्नांचं शूटिंग करून पोट भरतील.
मी म्हटलं, दोन जीबी रॅमवर लग्न मोडेल.
पत्त्यांचा खेळ मी खोडला.
त्यांनी परत लिहिला.
मी परत खोडला.
कागदाला तिथे भोक पडलं.

मग तारांगण. तीनशे दहा एमबी.
"हे तर नकोच," मी म्हटलं,
"एवढ्या उंचावर राहता तुम्ही,
दार उघडलं की आभाळ डोक्याला लागतं."

बेगाइम, सातवीतली,
शेगडीत गोवऱ्या घालायला थांबलेली,
मान वर न करता म्हणाली,
"ते आभाळ मागे फिरवता येत नाही, आगाय.
बाबा मॉस्कोला गेले त्या रात्रीचं बघायचंय मला."

वीज जायला वीस मिनिटं होती.
तोक्तोसुन आगायनी पेन्सिल घेतली
आणि स्वतःच हट्टाने घालायला लावलेलं
भौतिकशास्त्राचं सॉफ्टवेअर खोडलं.
"पडणं मी खडू टाकून दाखवेन."

तरी चाळीस एमबी कमी पडत होते.
मदतीची पानं सोळा भाषांत होती.
पोर्तुगीज गेली, फिनिश गेली,
डॅनिश जाताना नुरझात एजेके उगाचच "माफ करा" म्हणाल्या.
नऊला अंधार झाला तेव्हा
बॅटरीवरच्या पडद्यात एक निळी पट्टी सरकत होती,
आणि आम्ही चौघं तिच्याकडे
दूध उतू जाईल की काय असं बघत होतो.

मे महिन्यात पुन्हा गेलो.
रूटचा पासवर्ड फळ्यावर खडूने लिहिलेला.
नऊ मशीनवर पत्त्यांचा खेळ.
कुठून आला, विचारल्यावर
सगळा वर्ग खिडकीबाहेर बघू लागला.
नुरझात एजेकेसुद्धा.

शेवटच्या बाकावरचं घड्याळ थांबवून ठेवलेलं:
चौदा नोव्हेंबर, पहाटेचे चार चाळीस.
पडदाभर तारे, प्रत्येकाला नाव.
"बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"तारे बरोबर असतील," बेगाइम म्हणाली,
"पण त्या रात्री बर्फ पडत होता.
एकही दिसत नव्हता.
यात बर्फ नाहीये."

तक्रार नव्हती ती. चूक कळवावी तसं सांगितलं तिने.
मी खिशातली जुनी यादी काढली,
तिच्या पाठीवर, भोकाच्या खाली लिहिलं: बर्फ.
पुढे किती एमबी,
ती जागा कोरी सोडली.