तिसऱ्या बारावर

ऑल्डमला, गॅसच्या कारखान्यामागच्या मैदानात
तीन दिवस चिखल आणि तीन दिवस माणसं.
भोंगा झाला की गिरणीतून सुटलेले सगळे
केसांतला कापूससुद्धा न झटकता रांगेत उभे :
अमेरिका बघायला.

अमेरिका म्हणजे ऐंशी घोडे, एक टपालगाडी
आणि रंगवलेल्या कापडाचे डोंगर.
वारा आला की डोंगरांची पोटं हलायची.

त्याचं काम सोपं.
तिसऱ्या बारावर घोड्यावरून पडायचं,
टपालगाडी निघून जाईपर्यंत, बँड थांबेपर्यंत
मेलेलं राहायचं.
अडीचला एकदा. आठला एकदा.
पगाराच्या वहीत तो नंबर एकोणतीस.
आईने ठेवलेलं नाव कारकुनाला लिहिता येईना,
जाहिरातीतलं त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं.

बुधवारी तो जरा लांबच पडला,
कनातीच्या पार कडेला.
गाल चिखलात, डोळे उघडे राहिलेले.
आणि कनातीखालून आत आलेलं एक तोंड :
वॉल्टर क्लेग, वय आठ,
तिकिटाचे सहा पेनी नसल्याने पालथा.
मध्ये वीतभर गवत.

मेलेल्याने डोळा मारला.

आमच्याकडे दशावतारात मेलेला राक्षस
पहाटे माझ्याकडेच काडेपेटी मागायचा,
त्यामुळे मला याचं काही नाही.
वॉल्टरला होतं.
रात्री त्याने बापाला सांगितलं.
बाप बूट काढत म्हणाला, मेला तो मेला, झोप.

तीन आठवड्यांनी गिरणीच्या पट्ट्यात बाही अडकली
आणि बापाला घरी आणलं फळीवरून.
पुढच्या खोलीत ठेवला. डोळ्यांवर दोन पेनी.
बायका हळू बोलत होत्या, कुणी चहा टाकला होता,
कुणाला तरी साखर सापडत नव्हती.
बाहेरून कोळशाची गाडी खडखडत गेली.

वॉल्टर सरकत सरकत वीतभर अंतरावर आला.
कानाशी म्हणाला,
गाडी गेली. ऊठ आता.

मग थांबला थोडा.
बँड राहिला असेल अजून.

त्या वेळी कार्लाईलला अडीचचा खेळ उरकत होता.
नंबर एकोणतीस उठला,
दाताखाली आलेली वाळू थुंकला,
आणि आठच्या आत कुठे कोरडे मोजे मिळतील का
ते विचारत तंबूतंबूतून हिंडू लागला.